आजीच्या आईचं नाव

आखातात, अल कुसैसच्या आमच्या फ्लॅटमध्ये झोपायच्या खोल्या दोनच होत्या. आजी कायमची राहायला आली तेव्हा त्यांतली माझी खोली आम्हा दोघींची झाली. मी दहावीत होते. पहाटे पाचला उठून पुटपुटत प्रार्थना करणारी म्हातारी, उशाशी निलगिरीच्या तेलाची बाटली, कपाटाचा अर्धा भाग नऊवारी आणि स्वेटरांनी भरलेला. मला वाटलं, संपलं आता. माझा धाकटा भाऊ डॅनी हॉलमध्ये झोपायचा, तो नुसता हसला आणि ‘गुड लक’ म्हणाला. महिनाभरात मात्र उलटंच झालं. शाळेच्या बसमधून उतरून वर आलं की लिफ्टचं दार उघडतानाच लसणाच्या फोडणीचा वास यायचा आणि घरात कुणीतरी आहे हे कळायचं. त्याआधी आम्ही दोघं गळ्यात किल्ली घालून वाढलेली पोरं. आई देऱ्यातल्या एका क्लिनिकमध्ये नर्स होती, तिच्या ड्यूट्या सदा उलटसुलट. बाबा इंडस्ट्रियल एरियातल्या एका वर्कशॉपचे स्टोअरकीपर, सकाळी सहाला जायचे ते अंधार पडताना परत.

एअरपोर्ट जवळ असल्यामुळे विमानं आमच्या गच्चीवरून फार खालून जायची. सुरुवातीला आजी प्रत्येक विमानाला ‘गेलं गं बाई’ म्हणून मान वर करायची. पुढे सवय झाली, तरी विमान गेल्यावर मोजून दोन क्षण थांबून मगच तोडलेलं वाक्य पुरं करायची, जणू वर्गात कुणी पोर मध्येच बोललंय. नगरकडच्या मिशनच्या शाळेत तिनं तीस वर्षं शिकवलं होतं. त्यामुळे गावात ती ‘बाई’ होती आणि आमच्या बिल्डिंगमध्ये समोरच्या मल्याळी कुटुंबानं तिला ‘टीचर अम्मा’ करून टाकलं. बाजरीचं पीठ कोपऱ्यावरच्या गुजराती ग्रोसरीत मिळायचं. ते कडू असतं अशी तिची रोजची तक्रार, पण भाकरी थापताना तिचे हात असे चालायचे की डॅनीसुद्धा गेम थांबवून बघायचा. इराणी बेकरीतल्या खुबूसला तिनं ‘आळशी बाईची भाकरी’ असं नाव दिलं होतं. मटणाच्या काळ्या रश्शात बुडवून त्या आळशी बाईच्या तीन भाकरी ती सहज संपवायची.

तिच्या एका डोळ्याचा मोतीबिंदू काढला होता, दुसरा पिकायचा होता. म्हणून संध्याकाळी बायबल वाचून दाखवायचं काम माझ्याकडे आलं. शाळेत माझी दुसरी भाषा हिंदी. घरी आईबाबा मराठीत बोलायचे आणि आम्ही इंग्लिशमध्ये उत्तर द्यायचो. म्हणजे मी मराठी वाचायला शिकले ती आजीच्या जुन्या बायबलवरून, जोडाक्षरांना अडखळत, तिच्या ‘पुन्हा म्हण’ला घाबरत. परिणाम असा झाला की माझ्या तोंडात ‘खचित’ आणि ‘तथापि’ असले शब्द बसले. एकदा मी बाबांना म्हटलं, ‘बाबा, मी खचित अभ्यास केला आहे,’ तर ते जेवता जेवता ठसका लागेपर्यंत हसले. आज मी मराठीत लिहिते त्याचं मूळ तिथं आहे. आता मलाही चष्म्याशिवाय बारीक अक्षर दिसत नाही, आणि माझी मुलगी मला वाचून दाखवेल अशी काही चिन्हं नाहीत.

आजीला आईवडील नव्हते, हे आम्हाला लहानपणापासून ठाऊक होतं. ती ते दु:खानं सांगायची नाही, शाळेचा दाखला वाचावा तसं सांगायची. वडील तापानं गेले, तेव्हा ती दोन वर्षांची. आई त्याआधीच, तिला जन्म देताना गेली. वडिलांची थोरली बहीण मार्था, तिनं सांभाळलं, शिकवलं, नोकरीला लावलं. ‘मार्था आत्या नसती तर मी गुरं वळत असते,’ हे वाक्य आम्ही इतक्यांदा ऐकलं होतं की पुढचा शब्द आम्ही आधीच म्हणायचो. पासपोर्ट काढताना एजंटानं आईचं नाव विचारलं तेव्हा आजीनं मार्था सांगितलं. जिनं वाढवलं ती आई. त्यात तिला काही खोटं वाटलं नाही.

आजीच्या व्हिसाचं रिन्यूअल आलं तेव्हा हे प्रकरण सुरू झालं. टायपिंग सेंटरमधल्या भल्या माणसानं कागद चाळले आणि बाबांना म्हणाला, ‘अम्मा का बर्थ का कुछ पेपर लाओ भाई. चर्च का भी चलेगा. लेकिन नाम मॅच होना चाहिए, नहीं तो अंदर से वापस. खलास.’ बाबांनी वडगावला रत्नाकरकाकांना फोन लावला. हे बाबांचे चुलतभाऊ, रिटायर्ड क्लार्क, आणि गावच्या चर्चच्या लाकडी कपाटाची किल्ली त्यांच्याकडे. काकांनी बाप्तिस्म्याच्या वहीतलं पान शोधलं, त्यांच्या मुलानं तालुक्याला जाऊन त्याचा फोटो ईमेल केला आणि बाबांनी तो ऑफिसच्या प्रिंटरवर काढून घरी आणला. मी आजीला वाचून दाखवला. बाळाचं नाव एस्तेर. बापाचं नाव लूकस. आईचं नाव राहेल.

‘राहेल कोण?’ आजीनं विचारलं.

बाबा हसले. ‘अगं आई, तुझी आई!’ आणि मग ते हसायचे थांबले. आजी खरंच विचारत होती. पंचाहत्तर वर्षांच्या बाईला आपल्या आईचं नाव कुणी सांगितलेलंच नव्हतं.

‘तू कधी विचारलं नाहीस?’ मी म्हटलं.

‘कुणाला विचारणार? मार्था आत्यापुढं विचारायचं म्हणजे तिनं केलेलं कमी पडलं असं झालं असतं. घरात विषय निघाला तर “ती बिचारी” म्हणायचे. मला वाटायचं तेच नाव.’ ती स्वत:च थोडी हसली. मग म्हणाली, ‘कुठं पुरलीय तेवढं बघायला सांग रत्नाकरला. साधा दगड तरी बसवू. आता नाव कळलं आहे.’

व्हिसाचं काम बाजूला राहिलं आणि राहेलचा शोध सुरू झाला. काकांनाही त्यात रस आला असावा, कारण दर आठवड्याला एकदोन पानं यायला लागली. पिवळट कागद, कडा खाल्लेल्या, जुन्या पाळकांचं वळणदार बाळबोध अक्षर. आधी लग्नाची नोंद सापडली. लूकस, वय एकवीस. राहेल, वय पंधरा, कुमारी, बापाचं नाव देवजी, गाव पिंपळगाव. साक्षीदारांच्या जागी दोन अंगठे. आजीनं ती मला चारदा वाचायला लावली. ‘देवजी,’ ती म्हणाली. ‘म्हणजे माझ्या आजोबांचं नाव देवजी.’ दुसऱ्या दिवशी तिनं समोरच्या मल्याळी बाईंना मोडक्या हिंदीत सांगितलं, ‘मेरे दादा का नाम देवजी था.’ खरं तर ते तिचे नाना, पण तेवढ्या हिंदीत ते बसलं नाही.

मग मंडळीची खानेसुमारी आली. मिशन त्या काळी आपल्या माणसांची दरवर्षी शिरगणती करायचं, घराघराची यादी लिहून ठेवायचं. लूकसच्या घराच्या ओळीत लिहिलं होतं: स्वत:, बायको राहेल, मुलगी एस्तेर, वय एक.

मी वाचलं आणि थांबले. बाळंतपणात गेलेली बाई मुलगी एक वर्षाची असताना यादीत कशी?

‘लिहिणाऱ्यानं मागच्या यादीवरून उतरवलं असेल,’ आजी म्हणाली. ‘मीही हजेरीपट उतरवताना अशा चुका केल्यात.’ पण त्या संध्याकाळी ती बायबल वाच म्हणाली नाही.

पुढे लूकसला पुरल्याची नोंद मिळाली. कारणाच्या जागी ‘ताप’. राहेलची मिळेना. काकांनी पंधरा वर्षांची पानं पाहिली. ‘बाईमाणसाला कोण लिहितंय,’ आजी फोनवर त्यांना म्हणाली, पण काका चिवट. त्यांनी विचार केला, नवरा गेल्यावर बाई माहेरी गेली असेल. पिंपळगावचं चर्च वेगळं, वह्या वेगळ्या. ते मुलाच्या मोटरसायकलवर मागे बसून पाच कोस गेले.

त्या गुरुवारी बाबा घरी आले ते बूट न काढताच सरळ स्वयंपाकघरात आईकडे गेले आणि एक्झॉस्टचा पंखा चालू केला. आमच्या घरात ऐकू जाऊ नये असं बोलायचं असलं की तो पंखा लागायचा. मला तरीही ऐकू आलं. आई म्हणत होती, ‘सांगून टाका, तिचा हक्क आहे.’ बाबा म्हणत होते, ‘बीपी बघितलंस का तिचं? या वयात कशाला?’ मग बाबा बाहेर आले, कागद माझ्या हातात दिले आणि हलकेच म्हणाले, ‘सगळ्यात खालचं पान वाचू नकोस. काढून ठेव. मी बघतो नंतर.’

मी ते पान भूगोलाच्या पुस्तकात ठेवलं. अर्थात आधी वाचलं.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. तेव्हा सुट्टी शुक्रवारी असायची आणि आमची मराठी उपासनाही शुक्रवारीच. एकाच हॉलमधून मल्याळी मंडळी बाहेर पडायची, आम्ही आत जायचो आणि दाराशी फिलिपिनो मंडळी आपल्या गिटारी घेऊन वाट बघत उभी असायची. उपासनेहून आलो, जेवणं झाली, बाबा आडवे झाले, आईची ड्यूटी होती. आजी पलंगावर मांडी घालून बसली आणि म्हणाली, ‘वाच.’ मी पिंपळगावची पानं वाचली. देवजीच्या घराची यादी, कुणाकुणाचे बाप्तिस्मे, एका चुलत्याचं लग्न. वाचून कागद नीट जुळवले.

‘ही सहा झाली,’ आजी म्हणाली.

‘हो.’

‘रत्नाकर फोनवर सात म्हणाला होता.’

खोटं बोलता येत होतं, पानावर शाई सांडली होती, फोटो आला नाही, काहीही. पण तीस वर्षं पोरांच्या तोंडाकडे बघून उत्तरं तपासलेली बाई ती. ती मला रागावली नाही. नुसती म्हणाली, ‘माझ्या डोळ्यांनी वाचता आलं असतं तर तुला त्रास दिला नसता.’

मी उठून भूगोलाचं पुस्तक आणलं.

ती लग्नाची नोंद होती. वराचं नाव पौलस, वय तीस. वधूचं नाव राहेल, मयत लूकस यांची विधवा, वय वीस. वधूच्या सहीच्या जागी अंगठा. मी वाचलं तेव्हा माझा आवाज बायबल वाचतानाच्या सुरात निघाला, मला दुसरा आवाज येतच नव्हता.

आजी बराच वेळ बोटांच्या पेरांवर मोजत राहिली. बाहेर एक विमान गेलं. त्याच्याकडे तिनं लक्ष दिलं नाही.

‘म्हणजे मी चार वर्षांची होते,’ ती म्हणाली. ‘तुला चार वर्षांची असतानाचं काही आठवतं का गं?’

मला आठवत होतं. शारजाच्या बीचवर डॅनीच्या बाबागाडीचं चाक वाळूत रुतलं होतं ते आठवत होतं, आईचा निळा सलवार-कमीज आठवत होता. मी सांगितलं.

‘आठवतं ना. चार वर्षांच्या पोराला आठवतं. वर्गात बघितलंय मी.’ तिनं डोळे मिटले. ‘मग मला का नाही आठवत? एवढी मोठी होते मी. तिचा हात, लुगडं, काहीतरी आठवायला पाहिजे होतं. काहीच नाही.’ थोड्या वेळानं ती म्हणाली, ‘पिंपळगावचा एसटी स्टँड आठवतो बघ. नगरला ट्रेनिंगला जाताना गाडी तिथं दहा मिनिटं थांबायची. कितीदा उतरून चहा प्यायलेय मी तिथं.’

बाबांना कळलं तेव्हा ते माझ्यावर ओरडले. विश्वास, शब्द, मोठ्यांचं ऐकणं, बरंच काही. आजी दारात येऊन उभी राहिली. बाबांशी ती कधी चढ्या आवाजात बोललेली मी ऐकली नव्हती. ‘तिला बोलू नकोस,’ ती म्हणाली. ‘माझ्या आईची बातमी माझ्यापासून लपवणारा तू कोण? एकदा लपवली ती पुरे झाली.’ नंतर मी त्यांना बाल्कनीत वाळत घातलेल्या कपड्यांमागे डोळे पुसताना पाहिलं. आईला जपायला गेलेला मुलगा होता तो. आज मला त्यांचीही बाजू दिसते. तेव्हा मात्र मला फक्त माझा विजय दिसत होता आणि त्याची थोडी लाजही वाटत होती.

आजीचा राग राहेलवर नव्हता. अठराव्या वर्षी विधवा झालेली मुलगी, विसाव्या वर्षी दुसऱ्या घरी गेली. कुणी पाठवली, पोर कुणी ठेवून घेतलं, तिला विचारलं तरी का, हे कुठल्याच वहीत नव्हतं. राग होता मार्था आत्यावर. पहाटेच्या प्रार्थनेत आजी माणसांची नावं एकेक करून घ्यायची, जिवंत आधी आणि गेलेले मागून. अर्धवट झोपेत मला ती यादी पाठ झाली होती. गेलेल्यांत पहिलं नाव मार्था आत्याचं असायचं. त्या आठवड्यापासून ते आलं नाही. लूकस, मग राहेल, मग आजोबा. दुसऱ्या वर्षी मी कॉलेजसाठी पुण्याला गेले, त्यामुळे ते नाव पुढे परत आलं की नाही हे मला माहीत नाही. विचारायचं धाडस कधी झालं नाही.

व्हिसाचं म्हणाल तर तो प्रश्न अगदी कोरडेपणानं सुटला. त्या उन्हाळ्यात आजी इंडियात जाऊन प्रतिज्ञापत्र करून आली आणि नव्या पासपोर्टात आईच्या नावापुढे राहेल लागलं. टायपिंग सेंटरवाला म्हणाला, ‘अब ठीक है.’ पण त्याआधी एक फोन झाला, आणि मला सांगायचं आहे ते त्या फोनबद्दल.

काका पुन्हा पिंपळगावला गेले होते. पौलसच्या घराची खानेसुमारी त्यांना मिळाली: बायको राहेल, तीन मुलं. राहेल जाऊन पस्तीस वर्षं झाली होती. म्हणजे आजी चाळिशीची होईपर्यंत ती पाच कोसांवर जिवंत होती. मुलगा वारला होता. दोन मुली त्याच गावात होत्या, धाकटीचं नाव लीला. काकांनी नंबर पाठवला. चार दिवस तो फ्रिजवर चिकटवलेला होता आणि आजी येता-जाता त्याच्याकडे न बघता जायची. शुक्रवारी जेवण झाल्यावर ती एकदम म्हणाली, ‘लाव.’

बाबांनी कॉलिंग कार्ड खरवडून लांबलचक नंबर दाबला. आजी रिसीव्हर उलटा धरायची म्हणून स्पीकर लावला. आई, डॅनी, मी, सगळे सोफ्यावर. पलीकडून आवाज आला, ‘हॅलो? कोन बोलतंय?’

आजीनं बाबांकडे बोट केलं. बाबांनीच सांगितलं कोण ते. ‘बोला की मग बाई,’ लीलाबाई म्हणाल्या. त्याही घाबरल्या होत्या, आवाजातच कळत होतं.

आजीनं घसा साफ केला. ‘तुमच्या आईला,’ ती म्हणाली, ‘डोळ्यांचा त्रास होता का?’

बाबांनी कपाळाला हात लावला. पण पलीकडून लगेच उत्तर आलं, ‘व्हता तर. शेवटाला काय बी दिसत नव्हतं तिला. आमा दोघींना बी मोतीबिंदू हाय.’

‘मलाही आहे,’ आजी म्हणाली. डॉक्टर घरच्यांचा आजार विचारायचे तेव्हा तिनं जन्मभर ‘माहीत नाही’ सांगितलं होतं.

मग तिनं ते विचारलं, ज्याची आम्हा सगळ्यांना भीती होती. ‘तिनं माझं नाव कधी काढलं का?’

‘न्हाई वो,’ लीलाबाई म्हणाल्या. ‘खोटं कशाला बोलू. येकदा बी न्हाई. आमाला तर आता रत्नाकरभाऊनं सांगितलं तवा कळलं.’

बाबांचा हात फोनकडे गेला. आजीनं त्यावर चापट मारली. पलीकडे लीलाबाईंना वाईट वाटलं असावं, त्या घाईघाईनं बोलू लागल्या. ‘थांबा, मधलीला इचारते. ती हितंच बसलीया. तिला ठावं असंल कायतरी, ती आमच्यात मोठी.’

‘किती भावंडं तुम्ही?’ आजीनं विचारलं.

‘तिघं. मधली, मंग पेत्रस, तो गेला, आन् मंग मी.’

आजीतली शिक्षिका जागी झाली. ‘अहो, मग ती मधली कशी? पहिली ना ती?’

‘व्हय, पहिलीच. सारा नाव तिचं. पन आई मधली म्हनायची. मंग सगळं गावच मधली म्हनतंया.’

‘का म्हणायची?’

‘आता का… पडलं नाव.’ लीलाबाई सहज बोलून गेल्या. मग त्या थांबल्या. लाइनवर नुसती खरखर ऐकू येत राहिली. आमच्याकडे आईनं माझा हात पकडला, इतका घट्ट की अंगठी रुतली. पलीकडून अगदी हळू आवाज आला, ‘बाई गं.’

आजीनं पदरानं चष्मा पुसला, डोळे पुसले नाहीत, आणि चष्मा पुन्हा लावला. मग बाबांना म्हणाली, ‘ते स्पीकरचं बंद कर.’ रिसीव्हर तिनं स्वत:च सुलटा करून कानाला लावला. कॉर्डलेस फोन घेऊन ती उठली, भिंतीला हात लावत आमच्या खोलीकडे निघाली. आईनं दुसरं कार्ड खरवडायला घेतलं, कारण पहिल्यात फार मिनिटं उरली नव्हती. ती खोली माझीही होती, पण मी उठले नाही.

दार लागता लागता आम्हाला आजीचा आवाज ऐकू आला, वर्गात पहिल्या दिवशी ओळख करून देताना असावा तसा, मोठा आणि स्वच्छ.

‘हॅलो, मधली? मी थोरली बोलतेय.’